येरझाऱ्या म्हणजे आजार वाढला असं नाही
हॅलोपेरिडॉल ही भास-संशयावरची गोळी सुरू झाल्यापासून मुलगा घरभर येरझाऱ्या घालतो, म्हणजे आजार वाढला, म्हणून गोळी बंद करावी, असं घरच्यांना वाटू शकतं. परस्पर बंद करू नका. हा गोळीचाच परिणाम असू शकतो, अकॅथिसिया, म्हणजे एका जागी बसूच न देणारी अस्वस्थता. भास-संशय आटोक्यात यावेत म्हणून ही गोळी डोपामाइन या मेंदूतल्या रसायनाचे डी-२ रिसेप्टर (ते रसायन जिथे जोडलं जातं त्या जागा) अडवते, पण मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या भागातलेही तेच रिसेप्टर त्यात अडतात.

माझ्या धाकट्या भावाचंही असंच झालं होतं. त्याला दोन घास खाईपर्यंतही मांडी घालून बसवत नसे, दाराशी उभा राहून या पायावरून त्या पायावर भार टाकत राहायचा. आम्ही आपले कानातले भासाचे आवाज थांबले का, एवढंच विचारत होतो! डॉक्टरांनी डोस उतरवला, ही अस्वस्थता कमी करायला प्रोप्रॅनोलॉल हे औषध दिलं (दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा), मग हळूहळू तो टेकून बसू लागला. आजच डॉक्टरांना फोन करा, पाय कसे हलतात त्याचा व्हिडिओही दाखवा.