पोर्टेबल एसएसडी उघडता आली पाहिजे की सीलबंदच बरी?

खोका_आणि_आकार (धागाकर्ती)

मी इंडस्ट्रियल डिझायनर आहे. सध्या फोटोग्राफर, व्हिडिओवाले आणि साउंडवाले यांच्यासाठी एका पोर्टेबल एसएसडीच्या (चिपवर डेटा साठवणाऱ्या, बरोबर नेता येणाऱ्या ड्राइव्हच्या) केसिंगवर, म्हणजे बाहेरच्या डबीवर, काम चालू आहे. भोसरी एमआयडीसीतल्या एका सीएनसी वर्कशॉपमधून अॅल्युमिनियमचे नमुने करून घेतोय. एका मुद्द्यावर टीममध्ये दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारते.

माझं मत ठाम आहे. हे उपकरण साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडता आलं पाहिजे आणि आत कुठेही मिळणारी २२८० मापाची एम.२ एसएसडी, म्हणजे सॉकेटमध्ये बसवता-काढता येणारी पट्टी, असली पाहिजे.

कारण सांगते. अशा डबीत ढोबळमानाने चार गोष्टी असतात: डेटा साठवणाऱ्या नँड चिप्स, त्यांचा कंट्रोलर, यूएसबीशी जोडणारी ब्रिज चिप आणि यूएसबी-सी पोर्ट. सगळ्यात जास्त मार पोर्ट खातो. यूएसबी-सी कनेक्टर १०,००० वेळा लावण्या-काढण्यासाठी बनवलेला असतो हे खरं, पण ती चाचणी सरळ लावून सरळ काढण्याची. बॅगेत केबल तशीच अडकवून ठेवलेली, वर लेन्सचं वजन, आणि गाडी खड्ड्यांतून चाललेली, असं त्या चाचणीत कुणी करत नाही. आत एम.२ असेल तर पोर्ट तुटला किंवा आरटीएल९२१० सारखी ब्रिज चिप गेली, तरी डेटा शाबूत राहतो. चार स्क्रू काढा, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तापकीर गल्लीतून, दुसरा एनक्लोजर (एसएसडी बसवायची रिकामी डबी) आणा, संध्याकाळी एडिट चालू.

सीलबंद डबीत हल्ली बऱ्याचदा सगळं एकाच बोर्डावर असतं. एसएम२३२० सारखा कंट्रोलर थेट यूएसबी बोलतो, ब्रिज लागतच नाही. स्वस्त पडतं, लहान होतं. पण पोर्ट उखडला तर मायक्रो-सोल्डरिंग करणारा शोधा, आणि कंट्रोलरच गेला तर नँड काढून वाचणं जवळजवळ अशक्य, कारण त्यातला डेटा त्या कंट्रोलरलाच उलगडतो. माझ्या ओळखीतल्या एका फोटोग्राफरचं वारीचं काम असंच गेलं. डबी चिकटवलेली, बोर्ड एकच. दिवे घाट चढणाऱ्या पालखीला कुणी पुन्हा टेक द्यायला सांगू शकत नाही. ज्यांच्या कामाला दुसरा टेक नाही, त्यांच्या हातात आपण न उघडणारी वस्तू देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

सोल्डरगन

ताई, कळकळ पोचली, पण मी पूर्ण विरुद्ध बाजूला आहे. मी बोर्ड डिझाइन करतो.

तुम्ही ज्याला उणीव म्हणताय तोच एक-बोर्ड डिझाइनचा मोठा गुण आहे. आज ही डबी लॅपटॉपला कमी आणि कॅमेऱ्याला, फोनला जास्त लागते. २०२३ च्या आयफोन १५ प्रोपासून ४के ६० फ्रेमचं प्रोरेस (एडिटसाठीचा जड व्हिडिओ प्रकार) रेकॉर्ड करायचं तर बाहेरची एसएसडी लागतेच. आणि तो फोन बाहेर वीज देतो जास्तीत जास्त ४.५ वॅट. ब्रिज चिप अधिक एनव्हीएमई एसएसडी (तुमची वेगवान एम.२) ही जोडी लिहिताना याच्या वर सहज जाते. मग रेकॉर्डिंग थांबतं किंवा ड्राइव्ह गायब होते. थेट यूएसबीवाला कंट्रोलर कमी वीज खातो, कमी तापतो. तुमच्या ग्राहकाचा टेक पोर्ट तुटण्याआधी इथेच जाईल.

दुसरं म्हणजे पाणी. डबीवरच्या आयपी६७ या मानांकनातला ६ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल. उघडणाऱ्या डबीलाही ओ-रिंग (झाकणाच्या फटीतलं रबरी कडं) घालून हे मानांकन मिळतं, मान्य. पण कारखान्यातून निघते तेव्हाच ते खरं असतं. एकदा घरी उघडली, रिंगवर केस राहिला, एक स्क्रू कमी आवळला, की गेलं. लक्ष्मी रोडवर विसर्जनाच्या पावसात उभा असलेला माणूस मात्र डबीवरचा आकडा वाचून निर्धास्त असेल. माझ्या मते हा धोका तुमच्या पोर्टच्या धोक्यापेक्षा मोठा आहे.

शिवाय एम.२ चा सॉकेट साधारण ६० वेळा काढण्या-घालण्यासाठीच असतो. डबी आपटली तर तो आणखी एक सैल होऊ शकणारा जोड. सोल्डर केलेल्या चिपला ही भानगड नाही.

मंगल_कार्यालय_ते_एडिट_टेबल

तुम्ही दोघंही उघडायचं की नाही यावर भांडताय. मला आधी खोक्यावरचा आकडा खरा हवाय.

आमचा हिशेब साधा आहे. ४के मध्ये १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिटने) शूट केलं की एका कॅमेऱ्याचे तासाला ४५ जीबी. चार कॅमेरे, प्रत्येकी सहा तास, म्हणजे एका लग्नाचे हजार जीबीच्या पुढे. रात्री कार्यालय रिकामं करायला सांगतात तेव्हा कॉपी चालूच असते. खोक्यावर लिहिलेलं असतं सेकंदाला १०५० एमबी. पण तो वेग एसएलसी कॅश, म्हणजे ड्राइव्हमधली तात्पुरती वेगवान जागा, भरेपर्यंतचा. समजा १५० जीबीला कॅश भरली आणि पुढे क्यूएलसी (स्वस्त, हळू प्रकारच्या) नँडचा वेग १०० एमबीवर आला, तर ६०० जीबीतले पहिले १५० अडीच मिनिटांत आणि उरलेले ४५० सव्वा तासात! १०० एमबीचाच वेग मिळणार असेल तर मी साधी हार्ड डिस्क का नेऊ नये? ती तर स्वस्त आहे.

तुम्ही नवीन वस्तू करताय ना, मग खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: पूर्ण ड्राइव्ह एका दमात भरली तर शेवटच्या टप्प्यात वेग किती. एवढं जो प्रामाणिकपणे लिहील त्याची ड्राइव्ह मी घेईन, मग उघडो वा न उघडो.

खोका_आणि_आकार (धागाकर्ती)

@मंगल_कार्यालय, हा मुद्दा उघडता येण्याशी थेट जोडलेला आहे, दादा. आत कोणती एम.२ आहे हे तुम्हाला दिसलं, की ती टीएलसी (क्यूएलसीहून वेगवान) आहे की क्यूएलसी हेही बऱ्याचदा शोधता येतं. सीलबंद डबीत कंपनी त्याच नावाखाली आतली नँड बदलू शकते आणि बाहेरून काही कळत नाही. उघडणारी डबी ग्राहकाला हा आकडा स्वतः तपासायची सोय देते.

@सोल्डरगन, विजेचा मुद्दा फोनपुरता खरा आहे. पण आमचा ग्राहक मुख्यतः लॅपटॉपवर कॉपी आणि एडिट करणारा आहे. फोनवाल्यांसाठी वेगळी, लहान, एक-बोर्डाची डबी असू दे, माझी हरकत नाही. एकाच डबीने सगळ्यांना सांभाळायचं म्हटलं की कोणालाच नीट सांभाळत नाही.

उष्णतेत तर माझी बाजू वरचढ आहे. २२८० मॉड्यूल २२ बाय ८० मिलिमीटरचं. त्यावर थर्मल पॅड आणि वर सगळं अॅल्युमिनियम, म्हणजे केसिंग हाच हीटसिंक, उष्णता बाहेर टाकणारा भाग. एप्रिलच्या पुण्यात, उन्हात उभ्या गाडीत बसून कॉपी करणाऱ्यांना हे कळेल. चिप फार तापली की ड्राइव्ह स्वतःला वाचवायला वेग उतरवते. लहान प्लॅस्टिकची डबी हाताला गार लागते, कारण उष्णता आतच कोंडलेली असते. लोक गरम लागणाऱ्या धातूच्या डबीला नावं ठेवतात, पण तिचं काम चालू असल्याची ती खूण आहे.

बूम_ऑपरेटर

लोकेशन साउंड करतो. लॉ कॉलेज रोडवर, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलो.

माझ्या पाहण्यात एसएसडी मरण्यापेक्षा केबल हलून फाइल बिघडण्याचे प्रसंग कितीतरी जास्त. कॅमेऱ्यातून थेट एसएसडीवर रेकॉर्डिंग चालू असताना प्लग मिलिमीटरभर सरकला की संपलं. त्यात ड्राइव्ह मॅक आणि विंडोज दोन्हीकडे चालावी म्हणून सगळे एक्सफॅट या फाइल मांडण्याच्या पद्धतीत फॉरमॅट करतात, आणि एक्सफॅटला जर्नलिंग (बदलांची आधी नोंद ठेवणं) नाही. लिहिता लिहिता तार निघाली तर अर्धवट नोंदी सावरायला त्याच्याकडे काही नसतं. मॅकचं एपीएफएस विंडोज वाचत नाही, विंडोजच्या एनटीएफएसवर मॅक आपणहून लिहीत नाही, म्हणून एक्सफॅटला पर्यायही नाही.

मग डिझायनरने काय करावं? केबल पकडून ठेवावी! यूएसबी-सीमध्ये स्क्रूने घट्ट बसणाऱ्या प्लगचं प्रमाण आधीच आहे. कॅमेरा रिगवर लोक वेगळे क्लॅम्प विकत घेऊन तेच साधतात. पोर्टच्या शेजारी दोन आटे पाडायला भोसरीत किती वेळ लागतो? पोर्ट खोल खाचेत बसवा, म्हणजे आडवा दाब केसिंगवर जाईल, सोल्डरवर नाही. हे केलंत तर ताई, तुमचा पोर्ट तुटणारच नाही, आणि उघडायचा अर्धा युक्तिवाद तिथेच संपेल. डिझायनर नील पोल्टन यांनी लासी कंपनीसाठी केलेल्या नारिंगी रबराच्या डिस्क अजून सेटवर दिसतात. ते रबर धक्क्यासाठी उत्तम, पण केबल लोंबतेच.

जतनवेडी

मला या धाग्यातली एक गोष्ट अस्वस्थ करते. सगळे असं बोलताय की डेटा एकाच डबीत आहे आणि ती डबी वाचली पाहिजे.

जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट फिल्मची (जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या फिल्मची) रिळं आगीत गेली. जे एकाच जागी होतं ते कायमचं गेलं. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी, हा ३-२-१ चा नियम छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रुजवला. म्हणजे तो तुमच्याच व्यवसायातून आलाय. आणि एसएसडी ही तिजोरी नाहीच. चिपची मानकं ठरवणाऱ्या जेडेक संस्थेच्या मानकात ग्राहकी एसएसडीसाठी अट एवढीच आहे की लिहिण्याची ठरलेली मर्यादा वापरून झाल्यावर, ३० अंशांत विजेविना ठेवली, तर वर्षभर डेटा टिकावा. नवी ड्राइव्ह पुष्कळ जास्त टिकते, पण कपाटात ठेवून विसरायची ही वस्तू नव्हे.

‘उघडून डेटा वाचवता येतो’ असं खोक्यावर छापलंत तर लोक दुसरी प्रत करणं सोडतील. म्हणून माझा कौल सीलबंदला. आणि किंमत जेवढी खाली आणता येईल तेवढी आणा, म्हणजे माणूस दोन घेईल.

खोका_आणि_आकार (धागाकर्ती)

@जतनवेडी, तुमचा नियम मला शंभर टक्के मान्य आहे, निष्कर्ष नाही. दुसरी प्रत होईपर्यंतचे काही तास तर असतातच! कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करून पुढच्या विधीला वापरायचं असतं, आणि तेवढा वेळ सगळं एकाच डबीत असतं. माझं सगळं म्हणणं त्या तासांबद्दल आहे. सुटा होणारा भाग दिला म्हणून कुणी प्रती करणं थांबवेल असं मला वाटत नाही.

@बूम_ऑपरेटर, आटे आणि खाच दोन्ही पुढच्या नमुन्यात घेते. पण खाच फार खोल झाली तर जाड टोकाच्या केबली बसत नाहीत, तिथे तुमच्या किटमधल्या केबलींची मापं मिळाली तर उपयोग होईल.

सोल्डरगन

एक प्रश्न राहतोच. पासवर्डवाली ड्राइव्ह करणार आहात का? एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा डेटा सांकेतिक करणं) ब्रिज चिपमध्ये ठेवलंत तर एम.२ काढून दुसऱ्या एनक्लोजरमध्ये घातल्यावर नुसता कचरा दिसेल. तुमचे चार स्क्रू तिथे निरुपयोगी. आणि एन्क्रिप्शन ठेवलंच नाही, तर स्टुडिओवाले न प्रदर्शित झालेला सिनेमा अशा डबीत देणार नाहीत.

खोका_आणि_आकार (धागाकर्ती)

ब्रिजमध्ये ठेवणार नाही. एन्क्रिप्शन कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअरने करायचं, म्हणजे किल्ली माणसाकडे राहते आणि डबी बदलली तरी चालते. थेट कॅमेऱ्यातून लिहिणाऱ्यांना ते जमणार नाही हे खरं. ज्यांना बटण दाबून कुलूप हवं आहे ते आमचे ग्राहक नसतील. ओ-रिंगबद्दल मात्र तुमच्याकडून हवं आहे: स्क्रू नीट आवळले गेलेत हे बाहेरून बघून कळावं अशी काही खूण कुणी वापरली आहे का? रंगीत रिंग कडेला दिसू नये, दिसली तर समजा नीट बसली नाही, इतपत सुचलंय. याहून चांगलं काही असेल तर सांगा. पुढचा नमुना टाकायच्या आधी हवंय.

सोल्डरगन

रंगीत रिंग चालेल, पण ती फक्त झाकण वर राहिलं तर दिसेल. केस अडकला असेल तर नाही दिसणार. प्रत्येक उघडण्यानंतर नवी रिंग हाच खरा उपाय, तेव्हा खोक्यात जादा रिंगा द्या आणि आयपी६७ च्या खाली तसं स्पष्ट लिहा. माझं मत तरीही सीलबंदच.