मदत हवी आहे: आत्तीचं रेडिएशन बेळगावात की कोल्हापुरात?

नमस्कार मंडळी. आत्ती कणकुंबीकडची (खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा), वय ५८. छातीत गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून भाताची कापणी होईपर्यंत तिनं कुणाला सांगितलंच नाही. आता बायॉप्सीत स्तनाचा कॅन्सर निघालाय.

डॉक्टर म्हणतात, फक्त गाठ काढून स्तन वाचवता येईल, पण मग रेडिएशन घ्यावंच लागेल. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, असं तीन ते पाच आठवडे. मशीनवर काही मिनिटं, आणि त्यासाठी रोज एसटी नाहीतर वडाप! त्यामुळे आत्ती म्हणते, "सगळंच काढून टाका, हेलपाटे नकोत." मला हे पटत नाही. शिवाय सगळं काढलं तरी, काखेतल्या गाठींत पसरलेलं निघालं तर रेडिएशन चुकत नाहीच.

तर विचारायचं असं, की बेळगावात दवाखान्याजवळ महिनाभर स्वस्तात राहायची सोय आहे का? धर्मशाळा, खोली, काहीही चालेल.

दुसरं म्हणजे महाराष्ट्राची महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू झाली म्हणतात. ती वापरून कोल्हापुरात कुणी खरंच उपचार घेतलेत का? कागदं कोणती लागली? इकडचं, म्हणजे कर्नाटकातलं आयुष्मान कार्ड आहेच, पण दोन्ही राज्यांच्या खिडक्यांवर आपल्या सीमाभागातल्यांना कसं टोलवतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

आणि केमोची सलाईन खानापुरात कुठं देतात का? तेवढे तरी हेलपाटे वाचतील. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरतंय, जरा लवकर सांगा.