मदत हवी आहे: घानाचा वारसा कायदा, जुने निवाडे आणि रूढींच्या नोंदी इंटरनेटवर कुठे मिळतील?

नमस्कार.

एल.एल.एम.च्या लघुशोधप्रबंधासाठी मी पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशाच्या वारसा कायद्याचा अभ्यास करत आहे. तिथे जाणे मला शक्य नाही, त्यामुळे सगळी भिस्त इंटरनेटवरच आहे. आतापर्यंत काय हाती लागले आणि गाडी कुठे अडली, हे सविस्तर लिहितो, म्हणजे मदत करणाऱ्यांना सोपे जाईल.

घानातील अकान समाजात कूळ आईकडून चालते. पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर रूढीप्रमाणे त्याची स्वकष्टार्जित मालमत्तासुद्धा आईच्या कुळाकडे, म्हणजे 'अबुसुआ'कडे जात असे आणि वारस ठरत असे तो भाऊ किंवा बहिणीचा मुलगा. पत्नी आणि मुले या कुळातली नसल्याने, ज्या घरात त्यांनी आयुष्य काढले ते घरही त्यांच्या हातून जाई. १९८५ साली जेरी रॉलिंग्ज यांच्या लष्करी राजवटीने पीएनडीसी (प्रोव्हिजनल नॅशनल डिफेन्स कौन्सिल, म्हणजे त्या राजवटीचे सत्ताधारी मंडळ) कायदा क्रमांक १११ करून हे बदलले. मयताचे एकच घर असेल तर ते, आणि घरातील चीजवस्तू, पत्नी किंवा पती व मुलांना मिळतात. उरलेल्या मालमत्तेपैकी ३/१६ जोडीदाराला, ९/१६ मुलांना, १/८ आईवडिलांना आणि १/८ रूढीप्रमाणे.

हा शेवटचा १/८ हिस्सा माझ्या अभ्यासाचा गाभा आहे, कारण तिथे कायदाच आपल्याला रूढीकडे पाठवतो. शिवाय कुळाची सामाईक मालमत्ता या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे. त्यामुळे एखादी जमीन मयताची स्वतःची की कुळाची, यावरच सगळा वाद येऊन ठेपतो. आपल्याकडे हिंदू एकत्र कुटुंबाच्या दाव्यांत स्वकष्टार्जित की वडिलोपार्जित हा प्रश्न जसा उभा राहतो, तसाच हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर अधिनियमापेक्षा निवाड्यांतच शोधावे लागते.

१९९२ची राज्यघटना 'कॉन्स्टिट्यूट' या संकेतस्थळावर मिळाली, बरेचसे अधिनियम 'विपो लेक्स' या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या कायदेसंग्रहात मिळाले, आणि निवाड्यांसाठी मी 'घालि' म्हणजे घाना लीगल इन्फर्मेशन इन्स्टिट्यूटचा संग्रह वापरतो. घटनेचे अकरावे कलम ज्यांना हा विषय नवा आहे त्यांनी अवश्य वाचावे. घानाचा कायदा कशाकशाचा बनलेला आहे ते त्यात सांगितले आहे आणि रूढीलाही त्यात स्पष्ट स्थान दिलेले आहे.

अडचण अशी की हाती लागलेली प्रत आजची आहे की जुनी, हे ओळखणे फार कठीण जाते. एक उदाहरण देतो. माझ्याकडे घटनेच्या दोन पीडीएफ प्रती आहेत. एकीत आठव्या कलमाप्रमाणे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की घानाचे नागरिकत्व संपते. दुसरीत तेच कलम दोन्ही नागरिकत्वे ठेवण्याची मुभा देते. १९९६च्या घटनादुरुस्तीने हा बदल झाला, पण पहिल्या प्रतीवर ती जुनी असल्याची कसलीही खूण नाही. नागरिकत्व हा माझा विषय नाही म्हणून निभावले. वारसा कायद्याच्या बाबतीत अशी चूक झाली तर सगळे प्रकरणच कोसळेल.

म्हणून पहिली विचारणा अशी की १९८५च्या कायद्याची, नंतरच्या सर्व दुरुस्त्या समाविष्ट केलेली अधिकृत प्रत कुठे वाचायला मिळेल, आणि एखादी दुरुस्ती अमलात आली की नाही हे घानाच्या राजपत्रातून घरबसल्या पडताळता येते का?

दुसरी विचारणा निवाड्यांची आहे. सर्वोच्च न्यायालयाचे अलीकडचे निकाल सहज सापडतात. घटस्फोटानंतर पतिपत्नींच्या मालमत्तेच्या वाटणीविषयीचा २०१२चा मेन्सा विरुद्ध मेन्सा हा निकाल मी पूर्ण वाचला आहे. मला हवे आहेत ते १९८५ ते १९९२ या काळातले उच्च न्यायालयाचे निकाल, कारण नवा कायदा आल्यावर न्यायाधीशांनी कुळाच्या दाव्यांकडे कसे पाहिले ते त्यांतच दिसेल. 'घाना लॉ रिपोर्ट्स'चे त्या वर्षांचे खंड महाराष्ट्रातील एखाद्या ग्रंथालयात, किंवा ग्रंथालयामार्फत ऑनलाइन, कुणी पाहिले आहेत का?

तिसरी विचारणा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. घटनेच्या २७२व्या कलमाने पारंपरिक प्रमुखांच्या राष्ट्रीय सभागृहावर रूढींचा अभ्यास करून त्या संहिताबद्ध करण्याची जबाबदारी टाकली आहे. या कामातून तयार झालेली अकान वारसाविषयक टिपणे किंवा अहवाल कुणाच्या पाहण्यात आले असतील, तर कृपया दुवा द्यावा. नोकरीव्यवसायानिमित्त अक्रा किंवा कुमासी येथे राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी कुणी तिथल्या विधी ग्रंथालयात बाहेरच्या अभ्यासकाला नकलप्रती कशा मिळतात एवढे विचारून कळवले, तरी माझे मोठे काम होईल.