मदत हवी आहे : बंदर कामगारांच्या इमारतीचा आराखडा अडलाय

नमस्कार मंडळी. कंटेनर बंदरातल्या कामगारांसाठी दुमजली इमारत आखतेय : हजेरी, लॉकर, अंघोळ, जेवण, विश्रांती. काम चोवीस तास, तीन पाळ्यांत.

खरी गोची पाळी बदलताना. एक तुकडी ग्रीसने माखलेल्या बुटांनी आत शिरते, तेव्हाच दुसरी घरच्या कपड्यांत येते. म्हणून मळक्या आणि स्वच्छ कपड्यांचे लॉकर वेगळे काढून मधे न्हाणीघरं घातली. पण ओले रेनकोट वाळवायची खोली कुठे बसवू? लॉकरला चिकटून ठेवली तर कुबट वास पसरतो. लांब ठेवली तर कोणी फिरकत नाही, रेनकोट जेवणाच्या खुर्च्यांवर!

दुसरं, रात्रपाळीवाल्यांची विश्रांतीची खोली. ४० फुटी कंटेनर खाली टेकला की दणका जमिनीतून येतो, तिथे दुहेरी काच काय करणार? या खोलीसाठी स्वतंत्र पाया किंवा रबरी बेअरिंग (दणका शोषायला खाली बसवतात ते रबराचे ठोकळे) कोणी वापरलंय का?

दार यार्डाच्या उलट बाजूलाच ठेवलंय, कारण रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या रीच स्टॅकरच्या (कंटेनर उचलून रचणारं अवजड वाहन) चालकाला पायी माणूस सहज दिसत नाही. त्यावर वाद नको.

खाऱ्या वाऱ्यात बाहेरच्या रेलिंगला काय टिकतं : गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेलं) पोलाद की ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील? अनुभव असेल त्यांनीच सांगा, कॅटलॉग माझ्याकडे ढीगभर आहेत.