डावा स्पीकर मुका, गाण्यामागे हूंऽऽ : तुमचे अनुभव लिहा

रविवारी मिसळ हाणून घरी आलो, गाणी लावली, तर डावा स्पीकर मुका. ॲम्प्लिफायर उचलून नाशिकच्या एम. जी. रोडला दुरुस्तीला न्यायच्या तयारीतच होतो. निघण्याआधी सहज ॲम्प्लिफायरच्या मागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल करून पाहिल्या. तरी मुका राहिला तो डावाच. म्हणजे ॲम्प्लिफायर ठणठणीत, गडबड पुढे कुठेतरी. टॉर्च मारला, तर स्पीकरमागची तार झाडूच्या फटक्याने निसटलेली! दुकानात किती गेले असते कोण जाणे. तुमच्याकडे काय बिघडलं, कसं सापडलं? लिहा. दुकानाचं नाव मात्र नको.

पंचवटीहून : आमचा जुना वाडा. ॲम्प्लिफायर लावला की गाण्याच्या मागे सतत 'हूंऽऽ'. आवाज कमी केला तरी हूं तेवढंच. एकेक वायर काढत गेलो, टीव्हीच्या केबलची काढली आणि चिडीचूप. केबलचं अर्थिंग एकीकडे, आमच्या बोर्डाचं दुसरीकडे. त्या दोन्हींमध्ये फिरणारा करंट म्हणजे ते हूं. केबलच्या लाइनीत आयसोलेटर (दोन अर्थिंगमधला जोड तोडणारी डबी) बसवला, मिटलं. एका शहाण्याने प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकायला सांगितलं होतं. वायरमनकाकांनी त्यावरून मलाच झापलं. बरोबरच आहे, त्या पिनेवर जीव वाचतो.

इंदिरानगरहून : दिवाळीच्या साफसफाईनंतर बेस गायब! ट्रेबल छान, ढोलकी मात्र पत्र्याच्या डब्यासारखी. बरोबर मधोमध बसलं तर गाणाऱ्याचा आवाज नेमका कुठून येतोय तेच कळेना. मी बाईसाहेबांनी पुसापुशीत एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी जोडली होती. एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे, आणि बेस एकमेकांत मरतो. वायरीवर खूण नसेल तर ती ॲम्प्लिफायरकडून काढा आणि दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर टेकवा. सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसवर असेल, तर पडदा बाहेर येतो. बोट लावलं तरी जाणवतं. हे फक्त मोठ्या पडद्यावर करा, ट्वीटरवर (ट्रेबलच्या छोट्या स्पीकरवर) नको.

सिडकोहून : व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खर्रखर्र. प्लग काढून आत काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारला, वीसेक वेळा गरगर फिरवलं. गेली.

गंगापूर रोडहून : बाबांनी अंबडच्या नोकरीतल्या पहिल्या बोनसमधून घेतलेली जोडी. जाळी काढली, पडद्याभोवतीच्या फोमला बोट लावलं, तर जळक्या पापडासारखा चुरा. 'नवीनच घ्या,' म्हणाला मेकॅनिक. मी फोमची रिंग मागवून दोन संध्याकाळी चिकटवत बसले. पडदा मधोमध बसला पाहिजे, नाहीतर आतली कॉइल घासते. चारी बाजूंनी सारखा दाबून बघायचा, खरखर आली तर पुन्हा सोडवायचं. माझं एकदा सोडवावं लागलं. बाबा बाजूला बसून नुसते सूचना देत होते.

नाशिकरोडहून : फ्रिज सुरू झाला की स्पीकरमधून 'टक्'. कुणाला अनुभव?

धागाकर्ता : दोन्ही एकाच बोर्डावर आहेत का? स्पीकर दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर लावून बघा.

नाशिकरोडहून : लावलाय. पण आता फ्रिज सुरूच होईना! थांबा, दार उघडून बघते.