अनुभव धागा: देवाची इच्छा तुम्हाला कशी कळली?

सर्वांना जय ख्रिस्त.

उपासना संपल्यावर चर्चच्या ओट्यावर जे प्रश्न निघतात, ते प्रवचनात फारसे येत नाहीत. वावर विकायचं का, पोरीला नागपूरला नर्सिंगला धाडायचं का, आलेल्या स्थळाला होकार द्यायचा का. आणि शेवटी सगळे एकच विचारतात, "पण प्रभूची इच्छा काय आहे, हे समजावं कसं?"

त्यासाठी हा धागा. विनंती एवढीच, की "प्रभूने मला सांगितलं" इथं थांबू नका. कसं सांगितलं ते लिहा. काय वाचलं, कोणाला विचारलं, कुठं अडलं. 1 थेस्सलनीका 4:3 मध्ये आपलं पवित्र होणं ही देवाची इच्छा आहे असं सरळ लिहिलंय, 5:18 मध्ये उपकारस्तुतीचं तसंच. जे लिहून ठेवलंय त्यासाठी खूण मागावी लागत नाही. भावाच्या हिश्श्याचं वावर दाबावं की नाही, यावर उपास-प्रार्थना कशाला? अडतं ते जिथं दोन्ही वाटा चांगल्या दिसतात तिथं. तिथले अनुभव हवेत.

सुरुवात मी करतो. दारव्हा तालुक्यात कोरडवाहू शेती आहे माझी, कापूस आणि तूर. एका वर्षी मृगाचा पहिला पाऊस पडला आणि गाव पेरणीला लागलं. मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, "विश्वास ठेव अन् पेर, देव पाहून घेईन." शब्द मनाला लागले, कारण न पेरणं म्हणजे अविश्वास असं वाटायला लागलं. त्या रात्री यशयाचा 28वा अध्याय वाचला. शेवटी तिथं नांगरणाऱ्याची गोष्ट आहे: जिरं कुठं टाकावं, गहू ओळीनं कसा पेरावा, हे त्याला त्याचा देवच शिकवतो. म्हणजे शेतीचं ज्ञानही त्याच्याकडूनच आलेलं. सकाळी वावरात जाऊन माती उकरली. वरची दोन बोटं ओली, खाली फुफाटा. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे कृषी खात्याचे लोक दरवर्षी सांगतात. मी थांबलो.

त्या वर्षी गावात दुबार पेरणी झाली. पण पाऊस लागून राहिला असता, तरी माझा निर्णय चुकला असं मी म्हटलं नसतं. पीक आलं म्हणजे देवाची इच्छा होती आणि बुडालं म्हणजे नव्हती, हा हिशेब मला मान्य नाही. सरळमार्गी असून सगळं गमावलेल्या ईयोबाचं पुस्तक वाचलेल्या माणसाला तो मान्य होऊच नये.

यवतमाळ, निवृत्त शिक्षक

माझे बाबा यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीच्या मेसमध्ये कामाला होते. 1953 पासूनची संस्था, ती 1983 मध्ये पुण्याला गेली. कामावरच्या लोकांपुढे प्रश्न आला, सोबत जायचं की इथंच राहायचं. बाबा आणि त्यांचे जोडीदार रोज संध्याकाळी स्वयंपाकघरामागच्या पायरीवर बसून प्रार्थना करायचे. मी तेव्हा शाळेत होतो, तांदूळ निवडायच्या सुपाशी बसून ऐकायचो. दोघांची प्रार्थना एकच, देवही एकच. ते जोडीदार, त्यांना मी काका म्हणायचो, पुण्याला गेले, बाबा राहिले. आजी अंथरुणाला खिळलेली होती, तिला सोडणं बाबांना जमणार नव्हतं. काकांना तीन पोरांचं शिक्षण दिसत होतं.

मी बाबांना विचारलं, मग देवाची इच्छा कोणाला कळली? ते म्हणाले, "दोघायलेही." पुढं कितीतरी वर्षं दोघांची पत्रं चालली, कोणी कोणाला कमी विश्वासाचा म्हटलं नाही. देवाच्या मनात माझ्यासाठी एकच बारीक वाट आहे आणि तिच्यावरून पाय सरकला की सगळं संपलं, ही भीती मी बऱ्याच तरुण पोरांत बघतो. त्यांना मी ही गोष्ट सांगतो.

दिग्रसकडून, अंगणवाडी सेविका

माझ्या लग्नाच्या वेळी एका प्रचारकांनी बाबांना सांगितलं, "मला स्वप्नात दाखवलं गेलं, हेच स्थळ." बाबा गप्पच झाले. देवाचं नाव घेतल्यावर माणूस बोलणार काय? माझ्या आत्याने मात्र उत्पत्तीचा 24वा अध्याय काढला. अब्राहामाच्या मुलासाठी मुलगी शोधायला गेलेल्या चाकराने विहिरीवर खूण मागितली आणि ती मिळालीही. तरी मुलीच्या घरचे म्हणाले, मुलीला बोलावून तिलाच विचारू. 57-58 वचनं बघा. रिबकेला विचारलं आणि ती स्वतःच्या तोंडानं "जाते" म्हणाली.

आत्याचं दुसरं म्हणणं मला अजून पटतं. त्या चाकराने खूण मागितली ती कसली? आभाळात काही दिसावं अशी नाही. परक्याला पाणी देऊन वर त्याच्या दहा उंटांनाही पाजणारी मुलगी. म्हणजे त्याने स्वभाव पारखला.

मग मीही मुलाला भेटून विचारलं, "तुमच्या घरी संध्याकाळची प्रार्थना कोण घेतं?" त्याने आईकडे पाहिलं. उत्तर आईनेच दिलं, पुढच्या सगळ्या प्रश्नांचीही. मी नाही म्हटलं. पौलाने 1 करिंथ 7:39 मध्ये विधवेला सांगितलंय, मनात येईल त्याच्याशी लग्न कर, मात्र प्रभूमध्ये, म्हणजे विश्वासणाऱ्याशीच. तेवढं कुंपण देवाने घातलंय, त्याच्या आत मुलीला मन आहे.

धारणी तालुका, आश्रमशाळेतली शिक्षिका

इकडे कोरकू गावांत घरात आजारपण आलं की पूर्वी भुमकाला, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूला, विचारायचे. प्रभूकडे आलेल्या काही घरांत भुमका सुटला, पण विचारायची रीत तीच राहिली. डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट ठेवायचं, निघेल तो हुकूम.

एका घरी तान्ह्या बाळाला ताप होता, अंगावर पीत नव्हतं. बापाचं बोट 27व्या स्तोत्रावर पडलं, परमेश्वराची वाट पाहा. तो म्हणाला, थांबायचं. बाळाची टाळू खोल गेलेली मला दिसत होती. मी बोलायच्या आधी आजी बोलली. तिला अक्षर येत नाही, पण रविवारी ऐकलेलं सगळं पाठ. ती म्हणाली, लूक वैद्य होता ना? मग वैद्याकडे नेऊ नको असं देव कसा म्हणेल? टेकाडावर चढलो, रेंज मिळाली, 108 ला फोन लावला. धारणीच्या सरकारी दवाखान्यात सलाइन लागलं आणि बाळ वाचलं.

ते स्तोत्र शत्रूंनी घेरलेल्या माणसाचं आहे. कोणाचं, कशासाठी हे न बघता एक ओळ उचलली, तर बायबलमधून काहीही काढता येतं. आमच्याकडे तर जीवच जातो. मी आता दर शनिवारी बायकांबरोबर एक अख्खा अध्याय वाचते, वरपासून खालपर्यंत.

आर्णीजवळून, शेतकरी महिला

खूण मागणाऱ्यांवर सगळे तुटून पडू नका, ही माझी विनंती. शास्ते 6 मध्ये गिदोनाने खूण म्हणून दोनदा रात्री लोकर बाहेर ठेवली, दव कुठं पडतं ते पाहायला, देव एकदाही रागावला नाही.

कर्जापायी माझे धनी गेले. त्यांनी स्वतःला संपवलं. भाऊ न्यायला आला होता. सासरचे म्हणत होते, वावर आमच्या नावानं करून दे. दोन पोरं पदरात. त्या दिवसांत अध्याय वाचायची ताकद नव्हती, नुसती पानं पालटायची. मी म्हटलं, प्रभू, पाडव्याच्या आत कोणी वावर बटईनं करायला तयार झालं तर मी इथंच राहीन. धन्यांचे एक मित्र आले, बौद्ध आहेत, आमच्या शेजारच्या गावचे. म्हणाले, "वहिनी, वावर पडीक राहू देऊ नका, मी करतो."

गिदोनाला काय करायचं ते आधीच सांगितलेलं होतं, तो फक्त भ्यायला होता. माझंही तसंच. पोरांचा हक्क सोडू नये हे मला ठाऊक होतं, पाय उचलत नव्हता. देवाने तेवढा धीर दिला. ज्या बहिणींवर अशी वेळ आली आहे त्यांनी प्रार्थना करावी आणि तलाठ्याकडे जाऊन वारस नोंदीचा अर्जही द्यावा. सातबाऱ्यावर नाव चढू द्या, मग काय तो निर्णय घ्या.

अमरावती धर्मप्रांतातून

मी कॅथलिक, गावात धर्मशिक्षणाचे वर्ग घेतो. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (1491–1556) यांचा एक नियम मला फार उपयोगी पडला: मन कोरडं आणि अंधारलेलं असताना आधी नीट विचारानं घेतलेला निर्णय बदलू नका. वर्ग सोडायचं माझ्या मनात आलं तेव्हा फादर एवढंच म्हणाले, आधी झोप, जेव, पापनिवेदन कर, नाताळनंतर बोलू. वर्ग चालू आहेत.

चंद्रपूर जिल्हा, वय 19

माझा निर्णय अजून व्हायचा आहे. घरी मी एकटाच चर्चला जातो. बाप्तिस्मा घ्यायची इच्छा आहे. पण अनुसूचित जातींबाबतचा 1950 चा आदेश वाचला. त्यात आधी फक्त हिंदू होते, 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती नाहीत. म्हणजे सवलत जाईल. आई रोजमजुरी करते. इंजिनिअरिंगची फी डोळ्यांपुढे येते आणि मग वाटतं, मी पैशासाठी प्रभूला थांबवतोय का? काही जण म्हणतात गुपचूप घे, कागदावर काही सांगू नको. मला खूण नको, कोणीतरी सरळ बोला.

धागाकर्ता

बाळा, सरळच बोलतो. गुपचूप घेऊन कागदावर दुसरं लिहिणं, हा पर्याय बाजूला ठेव. ते खोटं आहे आणि ते तुझं तुलाच कळलंय, म्हणून तू इथं विचारतोस. पण फीचा विचार येतो म्हणून स्वतःला अविश्वासी समजू नको. लूक 14:28 मध्ये येशूनेच म्हटलंय, बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. शिष्य होण्याबद्दल बोलतानाच म्हटलंय. तेव्हा हिशेब कर, कागदावर कर. वर्षाची फी किती, सवलतीशिवाय किती, डिप्लोमा केला तर किती, शिकता शिकता काम मिळेल का.

आणि हे आईपासून लपवू नको. घाई करा म्हणणाऱ्यांना आणि अजिबात नको म्हणणाऱ्यांना, दोघांनाही सांग की मी आईशी बोलेपर्यंत उत्तर देणार नाही. आमच्या मंडळीत एक ताई आहेत, याच वाटेनं गेल्या, सवलत सोडून शिकल्या. काय सोसलं आणि कुठून मदत मिळाली, हे त्या तुला लपवाछपवी न करता सांगतील. मला निरोप पाठव, फोन जोडून देतो. बोलताना तो फीचा कागद घेऊन बस.