‘सिव्हिल राइट्स लॉयर’ला मराठीत काय म्हणायचं?

घोडबंदरवाली: ठाणे कोर्टात ज्युनिअर आहे, सनद मिळून दोन वर्षं झाली. जुन्या कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन या अमेरिकी वकिलावर लिहितेय. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातलं लॉ कॉलेज त्यांनी 1930 च्या सुमारास पार बदललं, वर्णभेदाशी कोर्टात लढणारे वकील घडवायचे म्हणून. थरगूड मार्शल हे त्यांचेच विद्यार्थी. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा 1954 चा ब्राऊन निकाल मिळवणारे. तर ‘सिव्हिल राइट्स लॉयर’चं मी ‘दिवाणी हक्कांचे वकील’ केलं. सर म्हणाले, “वाटणीचे दावे चालवायचे का गं ते?”

बेलापूरचा शिरस्तेदार (निवृत्त): सर बरोबर आहेत. दिवाणी म्हटलं की सातबारा आणि भाऊबंदकीच डोळ्यांपुढे येते. ‘नागरी हक्क’ लिहा. पण जपून. आपल्याकडे या शब्दाला कायद्याने आधीच अर्थ दिलाय. 1955 चा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम 1976 साली ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ झाला. त्यात नागरी हक्क म्हणजे अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता संपवल्यामुळे मिळालेले हक्क, इतकंच. त्यामुळे पोलिसांतला माणूस ‘नागरी हक्क’ ऐकला की विहीर, देऊळ, पाणवठा, अ‍ॅट्रॉसिटी याच दिशेने विचार करतो. अमेरिकेतल्या शब्दात मतदान, घर, नोकरी, शाळा सगळं येतं.

कळव्याचा पूल: काका, दिवाणीला इतकं हसू नका. चवदार तळ्याचं प्रकरण काय होतं? दिवाणीच! तळं खाजगी आहे म्हणून महाडच्या काही सवर्णांनी डिसेंबर 1927 मध्ये दावा लावला, तात्पुरता मनाई हुकूम आणला. बाबासाहेब त्यात प्रतिवादी. हायकोर्टाचा निकाल लागला 1937 साली. दहा वर्षं तारखा! आपण सर्रास ‘चवदार तळ्याचा खटला’ म्हणतो, पण खटला फौजदारी. तो होता दावा. देशातली नागरी हक्कांची इतकी मोठी लढाई दिवाणी कोर्टात झाली, हे भित्तिपत्रकात येऊ द्या.

घोडबंदरवाली: हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही! घेतेच. आता पुढचा घोळ. वकिलाने ‘सोशल इंजिनिअर’ व्हावं असं ह्यूस्टन शिकवायचे. ‘सामाजिक अभियंता’ कसं वाटतं?

बेलापूरचा शिरस्तेदार (निवृत्त): पाटबंधारे खात्यातलं पद वाटतं.

कळव्याचा पूल: आणि ‘सोशल इंजिनिअरिंग’ ठेवलंत तर निवडणुकीतलं जातींचं गणित. कोणत्या वॉर्डात कुणाला तिकीट वगैरे. त्यापेक्षा सरळ वाक्य करा: ‘कायदा हे समाजाची घडी बदलण्याचं हत्यार आहे, असं ते शिकवत.’ प्रत्येक शब्दाला शब्द हवाच कशाला?

वाशी खाडी: मला अडतो तो ‘लोक अभिरक्षक’. विधी सेवा प्राधिकरणाकडून आरोपीला फुकट मिळणारा वकील. आमच्या शेजारच्या मावशींचा मुलगा तळोजा जेलमध्ये होता. “तुम्हाला लोक अभिरक्षक दिलाय” असं कळलं तर त्या म्हणाल्या, “म्हणजे अजून एक पोलीस?”

बेलापूरचा शिरस्तेदार (निवृत्त): मावशींचं काय चुकलं? अभिरक्षा म्हणजे ताबा, कोठडी. सोडवणाऱ्याला राखणदाराचं नाव! पण काम नवीन आहे हेही खरं. पूर्वी पॅनेलवरचा वकील स्वतःच्या केसेस सांभाळून हे काम करायचा. हे पूर्णवेळ, पगारी. फुकट वकील मिळण्याच्या हक्काचं म्हणाल तर घटनेतला अनुच्छेद 39-क 1976 चा, विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा 1987 चा, त्याचा अंमल 1995 पासून.

घोडबंदरवाली: कॉलेजात विधी सहाय्य केंद्र होतं, प्रात्यक्षिकाचे पेपर होते. शिबिरात आम्ही पत्रकं वाटली, फोटो काढले. कोठडीतल्या माणसाच्या नातेवाईकाशी काय बोलायचं ते सरांची बॅग धरून फिरताना शिकले. मावशींना मी तरी ‘सरकारने दिलेला तुमचा वकील’ म्हणाले असते.

वाशी खाडी: शेवटी तेच म्हणालो. त्यावर त्यांनी विचारलं, “सरकारने दिलेला, मग माझा कसा?”

कळव्याचा पूल: मुळात अरबीतला ‘वकील’ म्हणजे ज्याच्यावर आपलं काम सोपवलं तो. म्हणून तर वकीलपत्रावर सही पक्षकाराची लागते. मावशींना तो कागद दाखवा, खाली मुलाची सही असेल.